दुसऱ्या बाईचं काय झालं?

स्क्रीनवर हिरवं दिसलं की याकोब सर पाणी प्यायचे. लाल दिसलं तर नाही. लाल दिसलं की खुर्ची पुढे ओढायचे, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि शांतपणे कामाला लागायचे. पण हिरवं दिसलं की त्यांच्या कपाळावर घाम यायचा, हात स्टीलच्या बाटलीकडे जायचा आणि उभ्या उभ्या अर्धी बाटली रिकामी व्हायची. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, माणसाला साखर असेल.

आमचं ऑफिस नंदुरबारला स्टेशन रोडवर, पंप आणि पाइपांच्या दुकानाच्या वर. मालक राजूभाऊ, त्यांच्यानंतर सर, आणि तिसरी मी. आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. लिहिलेलं नीट चालतं का ते बघायला चाचण्या लिहाव्या लागतात. सगळे तुकडे एकमेकांना जोडायचे, एका टोकाने निरोप आत सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला काय बाहेर पडतं ते तपासायचं. ठीक असलं तर हिरवी खूण, बिघडलं तर लाल. जगात जिथे जिथे हे काम चालतं तिथे लोक हिरव्याची वाट बघतात आणि हिरवं झालं की चहा मागवतात. आमच्याकडे चहा यायचा, पण सर तो थंड होऊ द्यायचे.

"लाल म्हणजे कुणीतरी आपल्याला सांगितलं की इथे खड्डा आहे," ते म्हणायचे. "हिरवं म्हणजे कुणी काही सांगितलं नाही, एवढंच."

सर खांडबाऱ्याजवळच्या एका गावचे. घरची थोडी शेती, घरात इथल्या कोकणी आदिवासींची बोली, रविवारी चर्च. आधी नवापूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे म्हणून सगळ्यांचे सर झाले. पन्नाशीकडे झुकलेला, उंच, जरा वाकून चालणारा माणूस. रोज खांडबाऱ्याहून गाडीने यायचे आणि गाडी चुकेल या भीतीने इतक्या लवकर स्टेशनावर जाऊन बसायचे की प्लॅटफॉर्मवर कुत्र्यांशिवाय कुणी नसायचं. आणि कुत्र्यांनाही ते भ्यायचे. मला, त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोरीला, ते 'कोमलताई' आणि 'तुम्ही' म्हणायचे. मी एकदा म्हटलं, सर, नुसतं कोमल म्हणा. तर म्हणाले, "नको. उद्या चुकून ओरडायची वेळ आली तर 'ताई' म्हटल्यावर आवाज आपोआप खाली येतो."

एवढी भीती आली कुठून, असंही मी विचारलं होतं. मला वाटलं, लहानपणचं काहीतरी निघेल. ते चष्मा पुसत म्हणाले, "कुठून नाही. सवय आहे." आणि पुन्हा कामाला लागले.

राजूभाऊ बरोबर उलटे. मोठा आवाज, मोठं हसणं, आणि सगळं होऊन जाईल असा स्वभाव. आमच्या शहाद्याकडची अहिराणी ते फोनवर बँकवाल्यांशीही बोलतात. सरांना ते फार मानायचे आणि तितकंच चिडवायचे. "सर, तुम्ही भीत भीत मरशात एक दिन," असं आठवड्यातून एकदा तरी म्हणायचे. सर मान डोलवायचे, जणू कुणी रेल्वेचं वेळापत्रक सांगितलं.

हे सगळं विनोदाचं वाटत होतं ते गाड्यांचं काम आमच्याकडे येईपर्यंत. सातपुड्यात अडलेल्या बाळंतिणींना दवाखान्यात पोचवायला एका संस्थेने जीपगाड्या ठेवायच्या ठरवल्या होत्या. पाड्यावरच्या आशाताईने फोनवर बटण दाबायचं, बाईचं नाव टाकायचं, आणि जवळची मोकळी जीप आमच्या प्रोग्रामने हुडकून पाठवायची. होळीच्या आधी भोंगऱ्याच्या पहिल्या बाजारात, सगळा डोंगर खाली उतरतो तेव्हा, ते सुरू करायचं असं संस्थेने जाहीर केलं होतं. राजूभाऊ खूश. सर मात्र त्या दिवसापासून डबा अर्धा परत न्यायला लागले. मला हळूच म्हणाले, "आजवर आपलं चुकलं तर कुणाची पावती चुकायची. आता कुणीतरी रस्त्यावर बसून असणार."

या कामात एक चाचणी होती. दोन बायकांसाठी एकदम मागणी आली तर दोन जीप निघतात का, एवढंच ती बघायची. आमच्याकडून पुण्याला गेलेल्या एका मुलाने ती घाईत लिहिली होती आणि बायकांना नावंही दिली नव्हती, 'बाई एक' आणि 'बाई दोन' म्हणून मोकळा झाला. ही चाचणी बहुतेक वेळा हिरवी असायची. मधूनच लाल व्हायची. पुन्हा चालवली की हिरवी. कुणी काही बदललेलं नसायचं, कुणी कशाला हात लावलेला नसायचा. लाल झाली की एकच तक्रार यायची. पहिल्या बाईला जीप गेली, दुसरीला नाही.

"ती टेस्ट येडी शे," राजूभाऊ म्हणाले. "आखो एक डाव चालाड."

मीही तेच करत होते, आणखी एकदा चालवून मोकळी होत होते. कोण नाही करत? पण सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. "कोमलताई, परत चालवा, पण आधी मला सांगा. पहिल्या वेळी दुसऱ्या बाईचं काय झालं?"

"सर, चालली ना आता."

"काय बदललं?"

"काही नाही."

"काही न बदलता बरं झालं, तर ते बरं झालेलंच नाही," ते म्हणायचे आणि पाणी प्यायला जायचे.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की जेवताना आठवायला लागलं. सरांच्या तोंडी दिवसभर दुसरी बाई. राजूभाऊ म्हणायचे, हन्नाबाईंना, म्हणजे सरांच्या बायकोला, फोन करून सांगावं लागेल की तुमचं माणूस बिघडलं. आम्ही हसायचो. पण खरं सांगते, भर दुपारी, खाली दुकानात पाइप आपटत असताना, मला एक बाई दिसायची. दगडावर बसलेली, एक हात पोटावर, आणि रस्त्याकडे बघणारी. मला तिचा राग यायचा. मग सरांचा यायचा, त्यांनी ती माझ्या डोक्यात बसवली म्हणून.

सर शोधत राहिले. आधी त्यांनी ती चाचणी एकटी चालवली. हिरवी. सगळ्यांबरोबर चालवली. हिरवी, हिरवी, लाल. मशीनवर मुद्दाम जास्त ओझं टाकलं, तर लाल जास्त वेळा. "मशीन थकलं की ही खरं बोलते," असं काहीतरी पुटपुटले. मला वाटलं, आता हे मशीनलाच भ्यायला लागले.

आणि मग मला कारण सापडलं. काय आनंद झाला होता मला. त्या पुण्याच्या मुलाने आळसाने दोन्ही बायकांना एकच फोन नंबर टाकला होता. आता घाबरलेला माणूस बटण एकदा दाबत नाही, चारदा दाबतो. दरवेळी नवी जीप जायला नको, म्हणून आमच्या प्रोग्रामला आम्हीच शिकवलं होतं की नाव घाईत कसंही टाकलं जातं म्हणून ते बघायचं नाही, एका नंबरवरून एक मागणी चालू असेल तर पुढची तीच समजायची. म्हणजे दुसरी बाई पहिलीतच मिसळून जात होती. दोन्ही मागण्या अगदी एका क्षणात आत शिरल्या, पहिली लिहून व्हायच्या आत, तरच दोघी वेगळ्या धरल्या जायच्या आणि हिरवं व्हायचं. जरा पुढेमागे झाल्या की लाल.

"नंबर वेगळा केला की झालं," मी टाळी वाजवून म्हटलं. "चाचणीच चुकीची होती. एका फोनवरून दोन बायका कशा येतील?"

राजूभाऊंनी जिलेबी मागवली. सर माझ्या स्क्रीनकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा मातीसारखा झाला.

"कशा नाही येणार?" ते म्हणाले.

मग ते माझ्या जागेवर बसले आणि नंबराला हात न लावता दोन मागण्यांच्या मध्ये थोडा थांबा घातला. पहिली बाई, मग जरा वेळ, मग दुसरी. चालवलं. लाल. परत चालवलं. लाल. परत. लाल. ती येडी चाचणी एकदम शहाणी झाली होती आणि एकच गोष्ट सांगत होती.

"एक फोन असेल तर एका क्षणाला दोनदा बटण दाबता येत नाही," सर हळू आवाजात म्हणाले. "आधी एकीसाठी दाबणार, मग दुसरीसाठी. म्हणजे हिरवं झालं तो अपघात होता. डोंगरात ही कायम लाल आहे."

"पण ज्याना त्याना फोन ऱ्हास ना आजकाल," राजूभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

"असेलही. मला माहीत नाही," सर म्हणाले. "माहीत नाही, त्याचीच तर भीती वाटते."

म्हणून आम्ही सातपुड्यातल्या मोलगीला गेलो, सर आणि मी, आठवडी बाजाराच्या दिवशी. अक्कलकुव्यापासून जीपमध्ये माणसं, कोंबड्या आणि एक शिलाई मशीन. घाट लागला तसे सरांनी डोळे मिटले आणि ओठ हलवत प्रार्थना सुरू केली. वळणावर ड्रायव्हर फोनवर बोलत होता. मीही जीव मुठीत धरला होता, पण सरांसमोर घाबरायची सोय नव्हती, ती जागा आधीच भरलेली. बाजारात आम्हाला मोगीताई भेटल्या. जवळच्या पाड्याच्या आशाताई, ठेंगण्या, चालताना आमच्या दुप्पट वेगाच्या. त्यांनी आम्हाला पाड्यावर नेलं. चढ संपायच्या आधी सर एका दगडावर बसले. हात छातीवर होता.

"काय होतंय?"

"घाटाची भीती अजून उतरली नाही," ते म्हणाले, आणि जरा वेळाने उठले.

वर टेकाडावर एक मोहाचं झाड होतं. झाडाला खताच्या गोणीची पिशवी टांगलेली, आणि पिशवीत फोन.

"इथंच रेंज धरतो," मोगीताई म्हणाल्या. घरी भिली बोलणारी बाई, आमच्याशी शाळेतलं मराठी जपून बोलत होती. "खाली घरात नाय धरत. मग इथंच ठेवतो. वाजला तर जो जवळ असेल तो हाक मारतो."

"हा कुणाचा फोन?" सरांनी विचारलं.

"माझा. पण पाड्याचाच."

"बाकीच्यांचे?"

"माणसं ऊस तोडायला गुजरातला गेली. फोन त्यांच्यासंगं गेले. होळीला येतील."

सरांनी झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. पुढचा प्रश्न विचारायला त्यांना किती जड गेलं ते मला दिसत होतं. "मोगीताई, आत्ता पाड्यात दिवस भरत आलेल्या किती आहेत?"

मोगीताईंनी खाली एका घराकडे बोट दाखवलं. मग दुसऱ्या. तिसऱ्यांदा बोट उचललं तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. आमच्या प्रोग्रामला ही सगळी घरं मिळून एकच बाई दिसणार होती.

परत आल्यावर राजूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तारीख जाहीर झाली आहे, मंडप ठरला आहे, नंबर बदलून चाचणी हिरवी करा आणि सुरू करा, बाकीचं होळीनंतर बघू. यात त्यांचं वाईट मन नव्हतं. संस्थेने काम काढून घेतलं तर ऑफिस बंद पडेल, ही त्यांची भीती, आणि तीही खरीच होती. सर उभे राहिले. त्यांनी हात खिशात घातले.

"राजूभाऊ, मला तुमची भीती वाटते. नेहमीच वाटते. संस्थेच्या लोकांची त्याहून वाटते," ते म्हणाले. "पण त्या झाडाखाली उभी राहील तिची सगळ्यात जास्त वाटते. नंबर मी बदलणार नाही. कोमलताईंनाही बदलू देणार नाही."

राजूभाऊ खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मंग काय करानं?" त्यांनी विचारलं.

करायचं होतं ते फार अवघड नव्हतं. त्याच नंबरवरून पुन्हा मागणी आली तर प्रोग्रामने गप्प बसायचं नाही, विचारायचं. तीच बाई की दुसरी? दोन मोठी बटणं, वाचता न येणाऱ्यालाही कळतील अशी, एकावर एका बाईचं चित्र, एकावर दोघींचं. आणि कुणीच उत्तर दिलं नाही तर जीप पाठवायचीच. हे शेवटचं सरांनी माझ्याकडून लिहून घेतलं. उगाच गेलेल्या जीपची त्यांना भीती वाटत नव्हती, ही एकमेव गोष्ट असावी. राजूभाऊंनी संस्थेला फोन केला, शिव्या खाल्ल्या, आणि थोडे दिवस मागून घेतले.

त्याच दिवसांत सरांच्या छातीत कळ यायला लागली. यायची आणि जायची. जिन्यात थांबायचे, मग हसून वर यायचे. मी आणि राजूभाऊंनी मागे लागून त्यांना दवाखान्यात नेलं. हृदयाची पट्टी काढली, ती चांगली निघाली. डॉक्टर म्हणाले, आत्ता तर काही दिसत नाही, पण सुरतेला एकदा नीट तपासून या.

"आहे ना चांगलं," सर बाहेर येऊन म्हणाले. इतके मोकळे मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"सर, काय बदललं?" मी विचारलं. "सकाळी कळ होती, आता नाही. काय बदललं?"

ते हसले. चक्क दात दिसेपर्यंत हसले. "कोमलताई, माणूस म्हणजे चाचणी नाही. होळी झाली की जातो सुरतेला."

अजून राग येतो मला. सगळ्या जन्मात या माणसाने एका हिरव्यावर विश्वास ठेवला, आणि तो नेमका त्या पट्टीच्या हिरव्यावर. कुलूप लावून तीनदा मागे फिरणारा माणूस, गॅसचा नॉब पुन्हा पुन्हा चाचपणारा माणूस, तो स्वतःच्या छातीला म्हणाला, होळीनंतर बघू. मला कधी कधी वाटतं, त्यांच्याजवळची सगळी भीती त्यांनी त्या झाडाखाली खर्च केली होती आणि स्वतःसाठी उरलीच नव्हती.

ते गेले ते खांडबारा स्टेशनावर. सकाळी, नेहमीच्या बाकावर. गाडीला अवकाश होता आणि ते नेहमीसारखे फार लवकर आले होते, त्यामुळे जवळ कुणी नव्हतं. राजूभाऊंनी मला फोन केला. म्हणाले, "मी म्हणे ना, भीत भीत मरशात. बिलकुल भ्यायना नहीत वं ते." मातीला आम्ही गेलो. हन्नाबाईंनी मला जवळ घेतलं आणि विचारलं, "ते सारखं म्हणायचे ती दुसरी बाई, तिचं झालं का काम?" मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, अजून सुरू व्हायचंय.

भोंगऱ्याच्या पहिल्या नाही, शेवटच्या बाजारात ते सुरू झालं. ढोल, मंडप, भाषणं. मी गेले नाही. मी ऑफिसात सरांच्या टेबलाजवळ बसून स्क्रीन बघत होते. पुढेही रोज तिथेच बसायचे. होळीच्या आठवड्यातली एक सकाळ होती. मोगीताईंच्या नंबरवरून मागणी आली. बाईचं नाव, पाडा, जीप निघाली. हिरवं. मी खुर्चीत मागे टेकले. आणि थोड्या वेळाने तोच नंबर पुन्हा आला.

मी स्क्रीनजवळ सरकले. स्क्रीनवर दिसत होतं, प्रश्न त्या फोनवर गेलाय. तीच की दुसरी? उत्तर येत नव्हतं. पिशवीतला फोन, खाली घरात कण्हणारी कुणी, टेकाडावर धावत आलेली कुणी पोरगी, आणि आम्ही काढलेलं ते चित्र. चित्र कळलं नसलं तर? रेंज गेली असली तर? उत्तर आलं नाही तरी जीप जाईल हे मला माहीत होतं, मीच लिहिलं होतं ते. पण लिहिलेलं आणि झालेलं यात किती मोठी दरी असते ते मला एका माणसाने शिकवून ठेवलं होतं. राजूभाऊ कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलंच नाही.

उत्तर आलं. दोघींचं चित्र. दुसरी जीप निघाली. सगळं हिरवं झालं.

खाली दुकानात कुणीतरी पंप सुरू करून बघत होतं. मग माझ्या डोक्यावरून राजूभाऊंचा आवाज आला, अगदी बारीक, ओळखू न येणारा.

"पोरी, दुसरी बाईनं काय व्हयनं?"

मी फोन लावला. वाजत राहिला. तिकडे झाडावर वाजत असणार, आणि कुणी हाक मारत असणार. पुन्हा लावला. मध्ये किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, पण त्या वेळात राजूभाऊंनी माझ्या खुर्चीची पाठ सोडली नाही. शेवटी मोगीताईंनी उचलला. धाप लागली होती.

"पहिली गाडीत बसून गेली," त्या म्हणाल्या. "दुसरी गाडी आत्ता आली. बसवली तिला. मी तिच्यासंगं जाते, ठेवू?"

"ठेवा," मी म्हटलं.

सरांची स्टीलची बाटली अजून त्यांच्या टेबलावर होती. हन्नाबाईंनी ती नेली नव्हती, आम्ही रोज भरत होतो. राजूभाऊंनी ती उचलली, झाकण काढलं आणि उभ्या उभ्या प्यायले. मग माझ्याकडे दिली.